हेडसेटच्या ऑर्डरआधी प्रॅक्टिकल ठरवा

भारतात पदवीच्या विज्ञान-अभियांत्रिकी वर्गांत व्हीआर (हेडसेटमध्ये दिसणारं आभासी जग) आणि एआर (खऱ्या दृश्यावर चढवलेलं आभासी चित्र) आणायचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, परदेशी विद्यापीठं हेडसेट लावून शिकवताहेत, आपण मागे पडू. दुसरा म्हणतो, आधी लॅबमधले बंद ऑसिलोस्कोप (विद्युत लहरी दाखवणारी यंत्रं) दुरुस्त करा. अमेरिकेत राहून हा वाद ऐकताना जाणवतं, की सगळी चर्चा खरेदीची आहे. नेमकं कोणतं प्रॅक्टिकल यानं सुधारेल, हे कुणी विचारतच नाही.

परदेशाचा दाखला द्यायचाच तर पुरा द्यावा. मक्रान्स्की, टर्किल्डसेन आणि मेयर यांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 52 विद्यापीठीय विद्यार्थ्यांनी लॅबचं तेच सिम्युलेशन साध्या स्क्रीनवर आणि हेडसेटमध्ये केलं. हेडसेटमध्ये ‘आपण तिथेच आहोत’ ही जाणीव वाढली, शिकणं मात्र कमी झालं. दुसरी गोष्ट टिकण्याची. गूगलनं एक्स्पिडिशन्स हे वर्गासाठीचं व्हीआर अ‍ॅप 2021 मध्ये गुंडाळलं, मायक्रोसॉफ्टनं होलोलेन्स 2 या हेडसेटचं उत्पादन 2024 मध्ये थांबवलं. त्यामुळे टेंडरमध्ये कंपनीच्या नावापेक्षा दोन अटी महत्त्वाच्या: त्रिमितीय मॉडेल जीएलटीएफ या खुल्या स्वरूपाच्या फाइलमध्ये हातात मिळावीत, आणि धडा ओपनएक्सआर किंवा वेबएक्सआर या कोणत्याही एका कंपनीच्या नसलेल्या मानकांवर चालावा. मग हेडसेट बदलला तरी धडा वाया जात नाही.

जिथे कागदावरची आकृती खरोखर अपुरी पडते, तिथे हे तंत्र उपयोगी आहे: रेणूची आर-एस रचना (अणूंची उजवी-डावी मांडणी), स्फटिकाची जाळी, दोन चलांच्या फलनाचा पृष्ठभाग, नकाशावरच्या समोच्च (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या) रेषा. आणि त्यासाठी दर वेळी हेडसेट लागतोच असं नाही. पृष्ठभागांसाठी जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरचं एआर फोनवर चालतं.

समोच्च रेषांसाठी तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये ऑलिव्हर क्रेलोस यांनी बनवलेला एआर सँडबॉक्स आहे, म्हणजे वाळूवर प्रोजेक्टरनं उंचीचे रंग आणि रेषा पाडणारी पेटी. सॉफ्टवेअर मोफत, लिनक्सवर चालतं. सुमारे 100 बाय 75 सेंटिमीटरची पेटी, तिच्यावर मीटरभर उंचीवर वाळूची उंची मोजणारा जुना किनेक्ट सेन्सर, जवळून मोठी प्रतिमा पाडणारा शॉर्ट-थ्रो प्रोजेक्टर, बरं ग्राफिक्स कार्ड आणि अंदाजे 90 किलो वाळू. टेबल तेवढं वजन पेलणारं हवं. वाळू हातानं उचलली की डोंगर रंगतो, रेषा सरकतात.

घोटाळा होतो तो कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे सेन्सरचं मोजमाप आणि प्रोजेक्टरची प्रतिमा एकमेकांशी जुळवण्यात. पांढरा कागद चिकटवलेली सीडी, तिच्यावर मधोमध फुली. प्रोजेक्टरची फुली तिच्यावर जुळवत किमान 12 बिंदू घ्यायचे. घाईत सगळे बिंदू वाळूच्या एकाच पातळीवर घेतले जातात. मग सपाट वाळूवर सगळं बरोबर दिसतं, पण टेकडी उभी केली की रंग तिच्या उतारावरून घसरलेले दिसतात, कारण उंचीबरोबर प्रतिमा किती सरकते याचा हिशेब एका पातळीवरून निघत नाही. म्हणून काही बिंदू खाली, काही वर. शिवाय सेन्सर इन्फ्रारेडवर चालतो. खिडकीतून थेट ऊन पडलं की त्याला वाळू दिसेनाशी होते. पडदे आधी लावा.

हेडसेट घ्यायचेच असतील तर 20 जणांच्या बॅचला 5-6 पुरतात. एक गट आत, बाकीचे स्क्रीनवर तेच मॉडेल घेऊन आकडेमोड करतात. एका वेळी 15 मिनिटं, बसून. जॉयस्टिकनं ‘चालायला’ लावणारा धडा टाळा. डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला जाणवत नाही, आणि मळमळतं. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधल्या अंतराप्रमाणे प्रत्येकानं हेडसेटची भिंगं जुळवायची, नाहीतर ‘धूसर दिसतंय’ म्हणत वेळ जातो. भिंगावर ऊन पडू द्यायचं नाही, आतला डिस्प्ले जळतो. भिंग कोरड्या मायक्रोफायबरनं पुसायचं, अल्कोहोलनं नाही. ब्राउझरमधून लॉगिन मागणाऱ्या कॅम्पस वायफायवर हेडसेट अडतात. स्वतंत्र राउटर ठेवा. हे सगळं पाहणारा लॅब असिस्टंट मंजूर नसेल, तर हेडसेटही मंजूर करू नयेत.

‘आधी ऑसिलोस्कोप’ म्हणणाऱ्यांशी माझं बरंचसं जमतं. सोल्डरिंगचा सांधा कोरडा राहिला हे हातालाच शिकावं लागतं, टायट्रेशनमध्ये शेवटच्या थेंबाला ब्युरेटचा कॉक कसा धरायचा हेही. पण आयआयटी दिल्लीच्या समन्वयानं चालणारा व्हर्च्युअल लॅब्ज हा स्क्रीनवरच्या प्रयोगांचा प्रकल्प ब्राउझरमध्ये फुकट आहे, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही व्हर्च्युअल लॅबचा उल्लेख आहे. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी तो प्रयोग स्क्रीनवर करून यायची सक्ती केली, तरी प्रत्यक्ष लॅबमधला वेळ मोकळा होतो. यासाठी एकही हेडसेट लागत नाही.

खरी अडचण टर्म वर्कमध्ये आहे. जर्नलमध्ये स्क्रीनशॉट चिकटवून सही मिळत असेल, तर सगळे तेच करतील. सँडबॉक्सवर झालेल्या प्रॅक्टिकलच्या ओरलला एक्स्टर्नलनं कोरा समोच्च नकाशा पुढे ठेवावा आणि विचारावं: या दरीत बांध कुठे घालशील, आणि पाणी कोणत्या रेषेपर्यंत चढेल? पेन्सिल विद्यार्थ्याच्या हातात, हेडसेट कपाटात. गुण या उत्तराला द्यावेत.