काकाजीले चार मेसेज

आमच्या वरुड तालुक्यात शेतीची लाईन कधी रात्री एकला येते कधी अडीचला, आणि आली की संत्र्याच्या बगीच्याला पाणी द्यायला कोणीतरी उठावंच लागतं. मी म्हटलं पुण्यात सहा वर्षं दुसऱ्यांच्या मशिनींत कोड भरला, आता घरच्या स्टार्टरला एक डबी लावू. मोटर चालू झाली की घरच्या सगळ्यांना एसएमएस, बस. दोन दिवसांचं काम. (डबी संत्र्याच्या आंबिया बहारात हातात घेतली, मृग बहार आला तरी उघडीच होती.)

आत कॉर्टेक्स एम झिरोची चिप, रॅम मोजून 8 केबी, आणि वर फ्रीआरटीओएस, म्हणजे असल्या बारक्या चिपसाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. काकाजींनी विचारलं, "ह्याच्यात काय टाकलं बे?" मी सांगितलं, आरटीओएस. तेव्हापासून गावात बोभाटा झाला की पोट्टा आरटीओचं काम करून देते, दोन जण ट्रॅक्टरचे कागद घेऊन घरी आले.

पहिल्या रात्री मेसेज गेला. नुसता "मो".

झालं काय, मेसेज मराठीत पाहिजे हा बाबांचा हट्ट. मराठी एसएमएसला प्रत्येक चिन्हामागे दोन बाइट लागतात, म्हणून तर इंग्रजीत 160 मावतात तिथे मराठीत 70 वरच गाडी थांबते. आणि मी शहाण्यानं मेमकॉपी (मेमरीतलं एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवणारं फंक्शन) करताना किती बाइट न्यायचे ते साइझऑफला, म्हणजे आकार सांगणाऱ्याला, विचारलं, तेही फंक्शनच्या आत, जिथे बफर (मेसेज ठेवलेली जागा) बफर राहतच नाही, त्याचा पॉइंटर, म्हणजे त्या जागेचा नुसता पत्ता होतो, आणि 32 बिटच्या चिपवर पॉइंटर म्हणजे 4 बाइट. म आणि त्याची मात्रा. "टर चालू" तिकडे वावरातच राहिलं. काकाजी माळकरी माणूस, सकाळी साडेपाचला दारात, "मो म्हन्जे मोहाची का बे? रातच्या दोन वाजता मले मोहाचीचा मेसेज कोनं धाडला?"

ते निस्तरलं. मग एक दिवस नवीन सालदार ठेवला, त्याचा नंबर यादीत सगळ्यात वर टाकला, आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. मोटर लागली की काकाजींना लागोपाठ चार मेसेज आणि बाबांना, मला, दादाला एकही नाही. एका रात्री मोटर सुरू झाली, बाबांना पत्ताच नाही, पाइप निघालेला, पाणी रातभर धुऱ्यावरून शेजाऱ्याच्या पऱ्हाटीत. शेजारी खूश होता.

माझ्या लॅपटॉपवर मात्र तोच कोड एकदम बरोबर चालायचा. चार दिवस मी सिमला, मेसेज धाडणाऱ्या जीएसएम मॉड्यूलला, रेंजला शिव्या दिल्या, संत्र्याच्या झाडाखाली बाज टाकून, डीबगरची (चिपच्या आत काय चाललंय ते दाखवणाऱ्या यंत्राची) वायर डबीत खुपसून बसलो, वरून मुंगळे पडून राहिले होते. मध्येच चिप हार्ड फॉल्टला जाऊन बसायची, म्हणजे चूक झाली म्हणून जागीच थांबायची, ते वेगळंच, कारण मी मेमरीतल्या विषम पत्त्यावरून चार बाइट एकदम उचलायला सांगितले होते आणि एम झिरोला ते जमत नाही, तिची मोठी बहीण एम थ्री असती तर निभावून नेलं असतं. ते तासाभरात सापडलं. काकाजींचे चार मेसेज काही सापडेनात.

सापडले तेव्हा गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून काकाजींनाच दाखवलं, कारण आता ते डबी विहिरीत टाकायच्या बेतात होते. हे पाहा, यादी अशी होती: काकाजी, बाबा, मी, दादा, खाली एक जागा रिकामी. वर सालदार घुसवायचा तर सगळ्यांना एकेक ओळ खाली सरकवायचं. मेमकॉपीनं काय केलं, वरून सुरुवात केली. पहिल्या ओळीतले काकाजी दुसऱ्या ओळीत लिहिले, तिथले बाबा पुसले गेले. आता दुसऱ्या ओळीतलं तिसरीत, पण दुसरीत तर काकाजीच बसलेले. असं करत खालपर्यंत काकाजी, काकाजी, काकाजी. चिपमधली छोटी लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) एकेक बाइट उचलून ठेवते म्हणून हे घडलं, लॅपटॉपवाली मोठा घास आधी पुरता उचलते आणि मग ठेवते म्हणून तिथं निभलं.

काकाजींनी चष्मा वर केला. "मंग खालून काहून नाई लिवलं?"

आता काय सांगणार. गरज पडली तर खालून लिहिणारं फंक्शन आहे, मेममूव्ह नाव त्याचं, सी भाषेच्या 1989 च्या स्टँडर्डमध्ये मेमकॉपीच्या शेजारीच बसलंय, आणि दोन जागा एकमेकींवर येत असतील तर मेमकॉपी वापरू नका हेही तिथंच लिहिलंय. एका शब्दाचा बदल. मी म्हटलं, "चुकलं काकाजी." ते म्हणाले, "इंजिनिअरिंगले किती पैसे लागले होते रे तुह्या?" आणि उत्तर न ऐकता चहा प्यायला गेले.

त्या रात्रीपासून सगळ्यांना एकेक मेसेज. आठ दिवस शांततेत गेले. नवव्या दिवशी काकाजी परत दारात. एका टुंगीनं त्यांची झोप मोडत नाही, मोटर चालू झाली ते सकाळी कळते, "चार येत होते तेच बरं होतं, तसंच करून दे मले."

यादी पाचाची आठ केली, सालदार एकदा, काकाजी चारदा, मग बाबा, मी, दादा. 16 बाइटचा एक नंबर, म्हणजे 48 बाइट रॅम वाढीव गेली. कोडमध्ये त्या ओळीवर कॉमेंट टाकून ठेवली आहे: हा बग नाही, काकाजी आहेत.