पॅप स्मिअर सकाळीच का? त्या फॉरवर्डमधले तीन दावे

पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर (स्लाइडवर) पसरून कर्करोगाच्या खुणांसाठी केलेली तपासणी. तिच्याबद्दल इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: 'पॅप स्मिअर सकाळीच द्या, तेव्हा तपासणाऱ्याचे डोळे ताजे असतात. दिवसाला 100 स्लाइडपर्यंत चूक होत नाही, तसा कायदाच आहे. तरी रिपोर्ट चुकला, तर तपासणारा थकला होता समजा.' हे वाचून रामबाग-सुदामानगरातल्या कुणी संध्याकाळची मिळालेली वेळ सोडू नये, म्हणून हे उत्तर.

'सकाळीच द्या.' स्लाइड अल्कोहोलमध्ये स्थिर होते, मग रंगते, मग रांगेत लागते. वाचली जाते ती बहुधा नंतरच्या एखाद्या दिवशी. सांभाळायची वेळ वेगळीच आहे: पाळी चालू नसावी आणि आधीचे 48 तास योनीत क्रीम किंवा औषध नको.

'100 पर्यंत चूक नाही.' हा आकडा अमेरिकेच्या 1988 च्या कायद्यातून आलाय. तिथे तो कमाल आहे, तोही किमान आठ तासांत. चार तास बसणाऱ्याला 50. माणूस दोन लॅबमध्ये काम करत असला तरी मोजणी एकच. प्रत्येकाची मर्यादा पर्यवेक्षक दर सहा महिन्यांनी ठरवतो आणि ती बरेचदा कमी असते. हिशेब करा: 480 मिनिटांत 100, म्हणजे स्लाइडमागे पाच मिनिटंही नाहीत, त्यातच फॉर्म वाचणं आणि नोंद.

घाईत नेमकं काय सुटतं? सूक्ष्मदर्शकाच्या 10 पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली (स्लाइडजवळच्या भिंगाखाली) साधारण 2 मिलिमीटरचं वर्तुळ दिसतं. 22 मिलिमीटर रुंद कव्हरस्लिप (पेशींवर झाकलेली पातळ काच) पट्ट्यापट्ट्यांनी पाहायची, प्रत्येक पट्टा आधीच्यावर पाव भाग चढवून. असे सुमारे 15 पट्टे होतात. चढवणं सोडलं की 11 मध्ये उरकतं, पण वर्तुळाच्या कडेच्या पेशी नजरेसमोरून निसटतात. हजारो निरोगी पेशींत दहा-बारा लहान, गडद केंद्रकांच्या संशयास्पद पेशी असतील तर त्या तिथेच राहतात. सलग निगेटिव्ह पाहून डोळाही निगेटिव्हच धरून चालतो. म्हणून मधे विश्रांती हवी, घड्याळात कितीही वाजलेले असोत.

'चुकला म्हणजे थकला.' हा आरोप अन्यायाचा आहे. चुकीच्या निगेटिव्हमागे मोठा वाटा नमुन्याचा असतो. स्पॅच्युला (पेशी खरवडून घ्यायची चपटी काडी) गर्भाशयमुखाभोवती पूर्ण फिरला नाही, तर खराब पेशी काचेवर येतच नाहीत. पसरलेली काच लगेच 95 टक्के अल्कोहोलमध्ये न बुडवता तशीच ठेवली, तर पेशी वाळतात, केंद्रकं फुगून धूसर होतात. अल्कोहोलमध्ये किमान 15 मिनिटं हवीत.

लॅबला दोन गोष्टी विचारा: एक जण दिवसाला किती स्लाइड पाहतो, आणि निगेटिव्हपैकी किती दुसऱ्याकडून पुन्हा पाहिल्या जातात. त्याच अमेरिकी कायद्यात हे प्रमाण किमान 10 टक्के आहे. फॉर्मवर पाळीची तारीख आणि जुने रिपोर्ट नक्की लिहा. फेरतपासणीत जोखमीच्या स्लाइड त्यावरूनच निवडतात.