एपिक्युरसचा प्रश्न दडपला कुणी?

सध्या एक फॉरवर्ड फिरतंय. देव चांगला आहे आणि सर्वशक्तिमान पण आहे, मग जगात वाईट का, हा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचा प्रश्न म्हणे सुरुवातीच्या ख्रिश्चनांनी दडपला, डोकं चालवणारे फक्त नॉस्टिक (गुप्त ज्ञानाने मुक्ती मिळते म्हणणारे पंथ) आणि मानीपंथी (तिसऱ्या शतकातल्या मानी या धर्मसंस्थापकाचे अनुयायी) होते म्हणून चर्चने त्यांना संपवलं, आणि शेवटी ऑगस्टीन या चर्चच्या बड्या विचारवंताने मानीचाच माल ढापला. तीन ग्रुपवर आलं तेव्हा राहवेना. मी काही चर्चचा वकील नाही, पण काहीही काय!

आधी ते "दडपला". एपिक्युरस इ.स.पू. २७० मध्ये गेला, त्याचं जे थोडंफार लिखाण उरलंय त्यात हा प्रश्न या रूपात नाहीच. तो आपल्याला मिळतो लॅक्टॅन्शियसकडून, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला, आणि हा माणूस ख्रिश्चन, वर रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या मुलाचा मास्तर. देवाला वाईट घालवायचंय पण जमत नाही, की जमतंय पण घालवायचं नाही, की दोन्ही नाही, की दोन्ही आहे आणि मग वाईट येतं कुठून, असे चारही पर्याय त्याने व्यवस्थित मांडलेत. फॉरवर्डमधलं ते टाळ्यांचं वाक्य, "मग त्याला देव कशाला म्हणायचं", तेवढं त्यात नाही, ते मागाहून चिकटवलेलं. लॅक्टॅन्शियसचं उत्तर असं की वाईटच नसेल तर शहाणपण लागेलच कशाला. मला नाही पटत, पण दडपणारा माणूस असा आख्खा प्रश्न छापून ठेवतो का?

दुसरं, विचार करणारे "बाहेरचे" होते म्हणे. ज्याला नॉस्टिकांच्या जवळचा मानतात तो मार्सियन रोमच्या चर्चमध्येच होता की, दोन लाख सेस्टर्स (रोमन नाणी) देणगी दिलेली, इ.स. १४४ च्या सुमारास त्याला काढलं तेव्हा पैसेसुद्धा परत केले. त्याचं म्हणणं, हे जग बनवणारा देव वेगळा आणि येशूचा बाप वेगळा. मानी तर बाप्तिस्मा घेणाऱ्या एका ज्यू-ख्रिस्ती पंथात वाढला आणि स्वतःला येशू ख्रिस्ताचा प्रेषित म्हणवायचा. म्हणजे भांडण घरातलंच.

"चर्चने संपवलं" हे अर्धं खरंय, पुढे ख्रिश्चन सम्राटांनी मानीपंथीयांविरुद्ध कायदे केलेच. पण त्यांच्या पुढाऱ्यांना ग्रंथांसकट जाळा असा हुकूम आधी काढला ख्रिश्चन नसलेल्या रोमन सम्राट डायोक्लेशियनने, शत्रू इराणचा पंथ म्हणून, आणि ३०३ मध्ये तोच ख्रिश्चनांच्या मागे लागला. खुद्द मानी मेला इराणी राजा पहिल्या बहरामच्या कैदेत. यात चर्च कुठे आलं?

आता ऑगस्टीन, कारण खरी गंमत इथे आहे. नऊएक वर्षं तो मानीपंथाचा श्रोता, म्हणजे साधा अनुयायी, होता. त्यांचं उत्तर सोपं, प्रकाश आणि अंधार दोन्ही अनादि, अंधाराने हल्ला केला आणि ही सगळी भेसळ झाली. यावर त्याचा मित्र नेब्रिडियस विचारायचा, देवाने लढायलाच नकार दिला असता तर अंधाराने काय वाकडं केलं असतं? काही करू शकला असता तर देवाला इजा होऊ शकते, मग तो देव कसला. नसता करू शकला तर लढाईच कशाला? इथे पंथाची गोची झाली. पुढे मिलानमध्ये प्लेटोवाद्यांची पुस्तकं वाचून ऑगस्टीन म्हणायला लागला की वाईट ही वस्तूच नाही, चांगल्याची उणीव आहे, जखम भरली की ती उठून दुसरीकडे राहायला जात नाही तसं. म्हणजे उसनं घेतलंच असेल तर त्या प्लेटोवाद्यांतल्या प्लोटिनसकडून, आणि तेही मानीला खोडायला. (तापाने फणफणलेल्या पोराच्या आईला हे "उणीव" प्रकरण सांगून बघा, तो भाग वेगळा.)

तरी "मानीचा माल" हा आरोप अगदीच हवेतला नाही, फक्त फॉरवर्डवाल्याने लावलाय भलत्याच जागी. एक्लॅनमचा बिशप ज्युलियन ऑगस्टीनला हेच सुनवत होता, की जन्मतःच बाळाला पाप चिकटलेलं असतं असं म्हणतोस, म्हणजे तू अजून मानीपंथीच आहेस, तान्ह्या पोरांना शिक्षा देणारा हा कुठला न्यायी देव? ऑगस्टीन त्याला मुद्द्यागणिक उत्तर लिहीत बसला होता. ४३० मध्ये वारला तेव्हा ते उत्तर अर्धवटच होतं.