आबांची पेन्शन आणि मामांचा मेसेज

परवा सकाळी दुकानात खताच्या गोण्या मोजत होतो, तेवढ्यात घरच्या ग्रुपवर मामांचा मेसेज आला. 'सरकारी जावयांची नौटंकी' असं वर ठळक अक्षरात, खाली मुद्दे, आणि शेवटी 'खरा शेतकरी असशील तर दहा जणांना पाठव'. मेसेज जुनाच आहे. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी सतरा लाखांच्या आसपास कर्मचारी संपावर गेले तेव्हा तो गावोगाव फिरला होता. आता संपाची नुसती कुजबुज झाली तरी पुन्हा उगवतो, काँग्रेस गवतासारखा.

अर्ध्या तासात दादानं ग्रुप सोडला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, जिल्हा परिषदेचा मास्तर. मामांना फोन लावला तर म्हणतात, "काहून रे, चिडायला काय झालं? मी का त्याला म्हणलं? मला आलं ते म्या पुढं ढकललं."

तर मामा, तुम्ही ढकललेलं मी मुद्द्यानं वाचतो. मी नोकरदार नाही. परभणी जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र चालवतो, चार एकर शेती आहे, मला कुठलीच पेन्शन मिळणार नाही. म्हणजे खाल्ल्या मिठाला जागतोय असं तरी म्हणता येणार नाही.

पहिला मुद्दा म्हणे, 'पेन्शन ही सरकारनं दिलेली खैरात आहे.' सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं 17 डिसेंबर 1982 रोजी डी. एस. नाकरा खटल्यात याचा निकाल लावून टाकलाय. पेन्शन ही खैरात नाही, मालकाच्या मर्जीची मेहेरबानी नाही. केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे आणि कर्मचाऱ्याचा हक्क आहे. न्यायमूर्ती देसाईंनी लिहिलेला हा निकाल पेन्शनरांना इतका जवळचा आहे, की 17 डिसेंबर हा दिवस ते पेन्शनर दिन म्हणून पाळतात. आता त्याच्यापुढं मेसेजाखाली सही करणारा 'एक त्रस्त करदाता' काय टिकणार?

आणि मामा, हे तुमच्याच फोनवरून यावं? तुमचे वडील, आमचे आबा, हैदराबाद मुक्तिसंग्रामातले. रझाकारांच्या काळात सरहद्दीवरच्या कॅम्पात राहिलेले. त्यांच्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शनवर तुमची विहीर झाली, आईचं लग्न झालं. त्या पेन्शनीतही बोगस लोक घुसले, बीडचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. तरी म्हणून कुणी आबांच्या पेन्शनला खैरात म्हणालं का? म्हणालं असतं तर तुम्ही त्याला पारावरून उठवलं असतं.

दुसरा मुद्दा: 'रिटायर झाल्यावर मास्तर घरबसल्या महिन्याला सत्तर हजार उचलतो.' कोणता मास्तर? 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेला असेल तर त्याला जुनी पेन्शन आहे, शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता. चांगली रक्कम होते, नाही म्हणत नाही, आणि त्यासाठी त्याच्या पगारातून काही कापलं जात नव्हतं हेही खरं. पण संप त्यांचा नव्हताच. संप होता 2005 नंतर लागलेल्यांचा, ज्यांना नवी पेन्शन योजना आहे. त्यांच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून दरमहा दहा टक्के कापतात, सरकार चौदा टक्के घालतं, आणि सगळे पैसे बाजारात जातात. समजा वीस लाख जमले. बारा लाख हातात येणार, उरलेल्या आठ लाखांची पेन्शन विकत घ्यायची. साडेसहा टक्क्यांनी धरली तर महिन्याला सव्वाचार हजारांच्या वर जरा. महागाई वाढली तरी तेवढीच. दादाची गोष्ट तर आणखी निराळी. सुरुवातीची कित्येक वर्षं पैसे कापले गेले, पण जमा किती झाले त्याचा कागद त्याला मिळाला नाही. पंचायत समितीत विचारलं की जिल्ह्याला विचारा, जिल्ह्याला विचारलं की पंचायत समितीत.

आता ज्या ओळीनं मला खरा संताप आला ती: 'आमची बेरोजगार पोरं निम्म्या पगारात हेच काम करायला तयार आहेत. काढा यांना, घ्या त्यांना.' 2023 मध्ये काही ठिकाणी या मागणीचे मोर्चेसुद्धा निघाले. ग्रुपवर आमच्या चुलत भावानं यालाच अंगठा दिलाय. पोरगा डीएड होऊन घरी बसलाय, त्याचं दुखणं मला समजतं. पण बाबा रे, निम्म्या पगाराचा प्रयोग होऊन गेलाय. दादा 2006 ला शिक्षणसेवक म्हणून लागला तेव्हा त्याला महिन्याला तीन हजार रुपये मिळत. निम्मा कसला, पगारच नव्हता तो, 'मानधन' होतं. तीन वर्षं. वर्ग तेच, पोरं तीच, खिचडीचा हिशोब तोच. त्याच्या खोलीचं भाडं आईनं गावाकडून पाठवलंय, कापूस विकून. त्या तीन वर्षांत किती बेरोजगारांचं भलं झालं ते सांगा.

आणि हे बघा. संप सुरू झाला 14 मार्च 2023 ला. त्याच तारखेचा एक शासन निर्णय आहे: सरकारी कामांसाठी खासगी एजन्सींकडून कंत्राटी माणसं घ्यायची, त्यासाठी एजन्सींची यादी. पोरं रस्त्यावर उतरल्यावर ऑक्टोबरमध्ये सरकारला ते रद्द करावं लागलं. म्हणजे मार्चमध्ये 'निम्म्या पगारात येतो' म्हणणाऱ्या पोरांना सरकारचं उत्तर तयार होतं: या, पण एजन्सीतून या, कंत्राटावर या. मास्तरची पेन्शन गेल्यानं तुमच्या पोराला नोकरी लागत नाही मामा. नोकरी नावाची चीजच पातळ होत जाते, आणि उद्या तुमचा पोरगा लागला तर त्याच पातळ नोकरीला लागतो. 'शेतकऱ्याला कुठं पेन्शन आहे?' हा याच मुद्द्याचा सख्खा भाऊ. नाहीच. केंद्राची किसान मानधन योजना आहे, साठीनंतर महिना तीन हजारांची, तीही आधी स्वतःच्या खिशातून हप्ते भरून. त्या तीन हजारांचे सहा हजार करा म्हणून मेसेज आला तर दहा काय, शंभर जणांना पाठवतो. पण हा मेसेज शेतकऱ्याला काहीच मागत नाही. शेजाऱ्याच्या ताटातलं काढा, एवढंच म्हणतो. आणि शेजारी कोण, तर सख्खा भाचा. परवा तुमच्या मोटारीची वायंडिंग जळाली तेव्हा पैसे कोणी पाठवले?

'जुनी पेन्शन दिली तर राज्य बुडेल' या मुद्द्यावर मी मामांना पूर्ण खोटं ठरवू शकत नाही, दादाला आवडलं नाही तरी. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर अधिवेशनात देवेंद्र फडणवीसांनी एक लाख दहा हजार कोटींचा बोजा सांगितला होता. राजकारण्याचा आकडा म्हणून सोडून द्या. पण रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2023 च्या पत्रिकेतही अभ्यास आला की सगळी राज्यं जुन्या योजनेकडे वळली तर बोजा नव्या योजनेच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो. आज बचत दिसते, बिल पुढच्या पिढीच्या नावावर फाटतं. हे मला पटतं. पण मग मधला रस्ता नव्हताच का? त्याच सरकारनं 1 मार्च 2024 ला शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता देणारी सुधारित योजना जाहीर केली. राज्य काही बुडालं नाही. तिजोरी आणि माजी आमदारांची पेन्शन हा विषय मी काढत नाही. एका टर्मला महिना पन्नास हजार असतात एवढंच सांगतो.

'संपानं शेतकऱ्याला मारलं.' इथं मी गप्प बसतो थोडा. संप चालू असतानाच अवकाळी आणि गारपीट झाली. माझा काढणीला आलेला गहू आडवा झाला, हरभऱ्याच्या सुड्या भिजल्या. पंचनाम्याला तलाठी भाऊसाहेब नाहीत, कृषी सहायक नाहीत. दुकानावर येणारा प्रत्येक जण शिव्या देत होता, त्यातल्या दोन-चार माझ्याही होत्या. संघटनांनी निदान पंचनाम्यापुरती तरी माणसं सोडायला हवी होती, हे मी दादाला तोंडावर बोललोय. त्यात एरवीचा राग मिसळला: एका फेरफारासाठी सहा हेलपाटे, 'साहेब मीटिंगला गेलेत'. तो राग खोटा नाही. फक्त तो पेन्शनवर काढून हेलपाटा कमी होत नाही.

मेसेजातल्या 'सरकारी जावयां'च्या यादीत एसटीवाल्यांनाही घालणाऱ्यानं मात्र कमाल केलीय. एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला सरकारी पेन्शन नाहीच, त्यांना कारखान्यातल्या कामगारासारखी ईपीएसची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांची पेन्शन मिळते, आणि तिची किमान रक्कम 2014 पासून एक हजार रुपये आहे. त्यांना 'सरकारी जावई' म्हणायचं तर हुंडा फारच कमी दिला म्हणायचा.

शेवटची ओळ होती, 'संपातून यांना काय मिळालं? घंटा!' मिळालं. 20 मार्चला संप मिटला आणि 31 मार्च 2023 ला शासन निर्णय निघाला: नव्या योजनेतला कर्मचारी नोकरीत असताना वारला तर त्याच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन. तोवर, 2005 नंतर लागलेला माणूस दहा वर्षांच्या आत गेला तर घराला एकरकमी दहा लाख आणि त्याच्या खात्यात साठलेलं असेल ते, एवढंच मिळायचं. दादाच्या शाळांच्या केंद्रातले एक सर असेच गेले, मोटारसायकलवर, शाळेतून येताना. दोन लेकरं, बायको. ते गेले तेव्हा हा निर्णय झालेला नव्हता.

मामा, दादाला ग्रुपवर परत घ्यायला मी सांगितलं तर तो येणार नाही. तुम्हीच फोन करा त्याला. शाळा साडेचारला सुटते.