रॅली पुरे, आता वीस खाटा द्या

आज २६ जून, अमली पदार्थविरोधी दिन. सकाळी चौकात महापालिका शाळांची पोरं पावसात भिजत उभी होती. हातात फलक, पुढे फ्लेक्सवर साहेबांचे हसरे चेहरे, मागे एक रिकामी रुग्णवाहिका. सातवीतल्या पोरांना व्यसन न करण्याची शपथ दिली. त्याच चौकातल्या उड्डाणपुलाखाली रोज पन्नीवर गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइनच) ओढणारे सहा-सात जण असतात, त्यांना रॅलीच्या आधीच पिटाळलं होतं. कुठे? पुढच्या पुलाखाली. डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मागणी एकच, पालिकेच्या रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या वीस खाटा. लांबलचक आहे, वेळ असेल तर वाचा.

अमली पदार्थांसाठीचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात १९८९ साली कलम ६४-अ घातलं गेलं. साध्या मराठीत सांगायचं तर, ज्याला व्यसन आहे आणि ज्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल सापडल्याचा गुन्हा आहे, त्याने स्वतःहून सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या, अथवा त्यांनी मान्यता दिलेल्या रुग्णालयात उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. अल्प प्रमाण म्हणजे गर्द ५ ग्रॅमपर्यंत, एमडी (मेफेड्रोन) २ ग्रॅम, चरस १०० ग्रॅम, गांजा १ किलो. म्हणजे गोदामवाले सुटतील ही भीती बाळगू नका, त्यांचा हिशोब किलोंत असतो.

स्थानिक प्राधिकरण म्हणजे तुमची-माझी महापालिका. म्हणजे असे उपचार सुरू करायला दिल्लीला विचारायला नको, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवायला नकोत. २००१ साली कोकेन प्रकरणात पकडलेल्या एका हिंदी नटाला मुंबईच्या न्यायालयाने २०१२ मध्ये याच कलमाखाली मोकळं केलं. उपचार कुठे घेतले होते? केईएममध्ये, पालिकेच्याच रुग्णालयात. त्याच्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. कायदा त्यासाठीच आहे. तक्रार आहे ती आमच्या वॉर्डातल्या पोराच्या बाबतीत.

पोरगा बावीस-तेवीसचा, मोबाइलच्या स्क्रीन बदलून देणारा. खिशात गर्दच्या दोन पुड्या, एक ग्रॅमही भरणार नाही इतका माल. संध्याकाळी पकडला. गर्दची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, शेवटच्या डोसनंतर आठ-दहा तासांत सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते. नाक-डोळे गळतात, जांभया थांबत नाहीत, अंगावर काटा, जुलाब, पायांत गोळे. रात्रभर तो कोठडीत ओकत होता आणि बाहेर सगळ्यांना वाटत होतं नाटक करतोय. सकाळी कोर्टात उभा केला तेव्हा विचारलेलं त्याला धड कळतही नव्हतं. त्या वेळी कुणी "उपचार घेशील का?" एवढं विचारलं असतं तर पोरगा पायाच पडला असता. विचारणारं माणूसच नेमलेलं नाही.

रात्रपाळीच्या हवालदाराला किती दोष द्यायचा? रात्री दोन वाजता त्याने पोराला न्यायचं कुठे? पालिका रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी सकाळची. कॅज्युअल्टीत नेलं तर सलाईन लावतात, कोठडीत ठेवायला फिट आहे असं लिहून देतात आणि परत पाठवतात. सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे. मालेगावच्या हवालदाराने ठाण्याला जायचं, तेही एका माणसासाठी गाडी आणि दोन शिपाई अडकवून? नाही जाणार तो. मीही गेले नसते.

दारूचं तर याहून वाईट आहे, कारण दारू अचानक तुटली तर माणूस मरू शकतो. गर्दची टर्की भयंकर दिसते पण तिने धडधाकट माणूस सहसा मरत नाही, शरीरातलं पाणी आटू दिलं नाही म्हणजे झालं. रोज क्वार्टर-दोन क्वार्टर पिणाऱ्याला कोठडीत पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसतात, हात थरथरतात, ताप चढतो, तो आरडाओरडा करतो. त्याला चार फटके मिळतात. खरी गरज असते क्लोरडायझेपॉक्साइडची, म्हणजे दारू तुटल्यावरचे झटके आवरणाऱ्या गोळीची, आणि थायमिनच्या (जीवनसत्त्व ब-१) इंजेक्शनची. थायमिन आधी, ग्लुकोज नंतर. अशक्तपणा आहे म्हणून नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. झोपेच्या गोळ्या खाणाऱ्यांचं, ज्याला पोरं बटन म्हणतात, तेच. एकदम बंद केल्या की फिट येते. हे कॅज्युअल्टीच्या भिंतीवर एका कागदावर लिहून चिकटवायचं काम आहे. फ्लेक्सच्या खर्चात शंभर कागद झाले असते.

मानसिक आजाराचंही असंच. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा. त्याचं कलम १०० स्वच्छ सांगतं की रस्त्यावर भटकणारी आजारी व्यक्ती पोलिसांनी ताब्यात घेतली तर २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यायची आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायची नाही. बरं, जवळच्या संस्थेत खाटच नाही. मग? मग गाडीत घालून दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत सोडून येतात. करा काय करायचं ते.

परत त्या पोराकडे येते. जामीन झाला. आईने सोनं मोडून त्याला एका खासगी केंद्रात तीन महिने ठेवलं. तिथे डॉक्टर नव्हता. पहाटे उठवणं, थंड पाण्याची अंघोळ, बोलला की मार. व्यसनाशी जोडलेले आजार २०१७ च्या कायद्यात मानसिक आजारच धरलेत, त्यामुळे अशा केंद्राला नोंदणी बंधनकारक आहे आणि साखळी बांधणं तर कलम ९५ ने थेट बंद केलंय. कोण तपासतं? वकिलाने ६४-अ चा अर्ज टाकला, सोबत त्या केंद्राचं रंगीत प्रमाणपत्र जोडलं. कोर्टाने विचारलं, या केंद्राला शासनाची किंवा पालिकेची मान्यता कुठे आहे? नव्हती. अर्ज बारगळला. तीन महिने, सोनं, मार, सगळं फुकट.

सगळीच खासगी केंद्रं अशी नसतात, हे मान्य. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, म्हणजे सरकारने जागा दिली आणि लोकांनी काम केलं. जमतं की.

पालिकेला काय लागेल ते सांगते, म्हणजे कुणी "मग उपाय सांगा ना मॅडम" म्हणायला नको. एका रुग्णालयात वीस खाटा. एक मानसोपचारतज्ज्ञ, तीन पाळ्यांत परिचारिका, दोन समुपदेशक. आणि सगळ्यात महत्त्वाचा एक सामाजिक कार्यकर्ता, ज्याने रोज सकाळी पोलीस ठाण्यांना फोन लावायचे आणि अकराला कोर्टात उभं राहायचं. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं, फक्त कुणीतरी मागायला हवा. रात्रीची भरती चालू हवी, कारण टर्की ऑफिसची वेळ पाहून येत नाही.

गर्दसाठी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे टर्की आवरणारी, गर्दच्या बदली द्यायची गोळी. शेवटच्या झुरक्यानंतर किमान बारा तास गेलेले हवेत आणि लक्षणं दिसायला लागलेली हवीत, तेव्हाच पहिला २ ते ४ मिलिग्रॅमचा डोस. घाई केली तर औषधानेच टर्की उसळते आणि पोरगा भिंत ओलांडून पळतो. एमडीला असं बदली औषध नाही. तिथे झोप, खाणं, संशय आणि आत्महत्येचे विचार यांवर लक्ष ठेवायचं, गरज पडली तर त्या लक्षणांवर औषध द्यायचं.

या योजना कुठे मरतात तेही सांगते. आधार कार्डाशिवाय भरती नाही, नातेवाईकाशिवाय भरती नाही, म्हणजे पुलाखालचा माणूस दारातच बाद. दहा दिवसांत शरीर साफ करून घरी पाठवायचं आणि पुढचं औषध नाही, ही तर सगळ्यात घातक पद्धत. दहा दिवसांत शरीराची नशा पेलायची सहनशक्ती उतरलेली असते. माणूस बाहेर येऊन जुन्याच मापाने ओढतो किंवा टोचतो आणि श्वास थांबतो. तुरुंगातून सुटलेल्यांचं पहिल्या आठवड्यांत हेच होतं. म्हणून ब्युप्रेनॉर्फिन महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं द्यावी लागते आणि असा थांबलेला श्वास परत आणणारं नॅलोक्सोनचं इंजेक्शन प्रत्येक रुग्णवाहिकेत हवं. "एक नशा सोडवून दुसरी लावता" म्हणणाऱ्यांनी मधुमेहवाल्याचं इन्शुलिन आधी बंद करून दाखवावं.

करदात्याच्या पैशाने गर्दुल्ल्यांचे लाड कशाला, असं कुणीतरी लिहिणारच आहे. ते चोऱ्या करतात, घरच्यांना छळतात, खरं आहे. काही जण चार वेळा भरती होऊन पाचव्यांदा ओढतात, तेही खरं. पण कोठडी, पोलीस, कोर्ट, तुरुंग हेही तुमच्याच पैशाने चालतं ना? अमेरिकेतल्या सिएटलमध्ये २०११ पासून बेलटाउन भागात पोलीस गुन्हा नोंदवण्याऐवजी माणसाला थेट केस वर्करकडे सोपवू लागले. तिथेही सगळं आलबेल नाही, ठाऊक आहे. निदान रात्री न्यायचं कुठे हा प्रश्न तरी हवालदाराच्या डोक्यावर नाही टाकला.

त्या पोराच्या तारखा अजून चालू आहेत. प्रत्येक तारखेला दुकानाची सुट्टी. मालक किती दिवस चालवून घेईल?

कुणाच्या घरी अशी वेळ आलीच तर एवढं करा. जामिनाच्या दुसऱ्याच दिवशी पालिका किंवा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा. खासगीत ठेवायचंच असेल तर आधी मान्यतेचा कागद बघायला मागा. वकिलाला ६४-अ चं नाव घेऊन सांगा, बऱ्याच जणांना फक्त जामीन ठाऊक असतो. दोषी ठरल्यावरही कलम ३९ आहे, शिक्षेऐवजी सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात उपचारांसाठी सोडायला सांगता येतं. व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्याची टेलीमानस १४४१६, दोन्ही फुकट. आणि प्रत्येक भेटीची नोंद केसपेपरवर तारखेसकट, सहीशिक्क्यासकट करून घ्या. कोर्टात झेरॉक्स द्या, मूळ कागद फक्त दाखवायला न्या. एकदा मूळ कागद फाइलला लागला की परत मिळवायला वेगळा अर्ज करावा लागतो.