राहिलेली रिटर्नं: ‘आधी सगळे कागद जमवा’ म्हणणाऱ्या संदेशाचा समाचार

राहिलेल्या आयकर रिटर्नांबद्दल एक संदेश नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपांवर फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: आधी सगळ्या वर्षांचे सगळे कागद जमवा, एक पावती कमी पडली तरी रिटर्न बाद, फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेला कर यांचा कंपनीनं दिलेला दाखला) शिवाय पगारदाराला काही करता येत नाही, ८०सीच्या (करात वजावट देणाऱ्या गुंतवणुकीच्या आणि खर्चाच्या) पावत्या शोधून ठेवा, एआयएसमध्ये (आयकर खात्याकडे असलेल्या तुमच्या उत्पन्नाच्या आणि व्यवहारांच्या पत्रकात) दिसतं तेवढंच उत्पन्न दाखवा, आणि कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) परत मिळतोच. यातलं जवळजवळ काहीच धड नाही.

‘एक पावती कमी, तर रिटर्न बाद.’ आयकर रिटर्नला कागद जोडायचेच नसतात. नोटीस आली तर दाखवता यावेत म्हणून ते जवळ ठेवायचे. त्यामुळे कपाट उपसण्याआधी आयकर पोर्टलवर जा आणि दर वर्षाचे २६एएस (तुमच्या नावे जमा झालेल्या कराचं पत्रक) आणि एआयएस उतरवून घ्या. लोक हमखास अडखळतात ते इथे: २६एएस असेसमेंट इयर (कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) विचारतं, एआयएस आर्थिक वर्ष. २०२२-२३ ची कमाई हवी असेल तर पहिल्यात २०२३-२४ निवडायचं, दुसऱ्यात २०२२-२३. एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांतला पॅन आणि त्याला लागून जन्मतारखेचे आठ आकडे. एआयएस २०२०-२१ पासूनच मिळतं. दर वर्षाचा एक फोल्डर करा, त्यात एका कागदावर काय सापडलं नाही ते लिहा. धावपळ फक्त त्या यादीपुरती.

‘फॉर्म १६ नाही, म्हणजे अडलं.’ असला तर काम सोपं होतं, एवढंच. कंपनी बंद पडली किंवा एचआर दाद देत नसेल, तर २६एएसमधल्या कलम १९२ च्या (पगारावरच्या टीडीएसच्या) नोंदींवरून किती टीडीएस भरला गेला ते कळतं. पगाराची फोड मार्चच्या पगारपत्रकातून घ्या. बऱ्याच ठिकाणी त्यात वर्षाची बेरीज असते. २६एएसमधला पगाराचा आकडा डोळे मिटून उचलू नका, कारण काही कंपन्या तिथे वजावटीनंतरची रक्कम दाखवतात. पगारपत्रक आणि बँकेतली जमा यांच्याशी ताडून पाहा. वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्हीकडे स्टँडर्ड डिडक्शन (पगारदाराला मिळणारी ठरावीक वजावट) धरलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि कर कमी पडण्याचं ते एक कारण.

‘८०सीच्या पावत्या शोधून ठेवा.’ सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो यात. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) आपोआप लागू होते, आणि पगारदाराला जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीतच भरावं लागतं. तुमची मुदत गेलेली आहे. म्हणजे त्या वर्षापासून पुढच्या एलआयसी, पीपीएफ, मुलांची फी, घरभाडं यांच्या पावत्यांचा काही उपयोग नाही. महाराष्ट्रात पगारातून कापलेला २,५०० रुपयांचा व्यवसाय करही वजा होत नाही. त्याआधीच्या वर्षांचं मात्र उलटं आहे. उशिरा भरलेलं रिटर्न तेव्हा जुन्या प्रणालीतच जायचं, म्हणून २०२२-२३ आणि त्याआधीच्या पावत्या जरूर शोधा.

‘एआयएसमध्ये नाही, ते उत्पन्न नाही.’ गावच्या पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याज बऱ्याचदा एआयएसमध्ये येत नाही, पण करपात्र असतंच. तिथून व्याजाचा दाखला लेखी मागून घ्या. याउलट संयुक्त खात्याचं सगळं व्याज पहिल्या नावावर दिसू शकतं, एकच व्यवहार दोनदाही पडतो. अशा नोंदीवर एआयएसमध्येच अभिप्राय नोंदवा. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांची खरेदी किंमत एआयएसवरून ठरवू नका. ब्रोकरचं नफा-तोट्याचं पत्रक आणि कॅम्स, केफिनटेक (म्युच्युअल फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या) यांची कॅपिटल गेन स्टेटमेंट घ्या. बंद झालेल्या खात्याचा उतारा नेट बँकिंगवर नसला तरी शाखेत अर्ज करता येतो. बँकांना व्यवहारांची नोंद किमान पाच वर्षं ठेवावी लागते.

‘टीडीएस परत मिळतोच.’ नाही. असेसमेंट इयरमधली ३१ डिसेंबरची तारीख गेली की उरतं अपडेटेड रिटर्न (जादा कर देऊन मुदतीनंतर भरायचं रिटर्न), आणि त्यात रिफंड मागता येत नाही. रिफंड हवाच असेल तर पोर्टलवर विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, असेसमेंट इयर संपल्यापासून पाच वर्षांच्या आत. त्यासाठी उशिराच्या कारणाचे कागद लागतात: दवाखान्याची फाईल, मृत्यूचा दाखला, असं काही ठोस. ‘विसरलो’ हे कारण चालत नाही.

कुठलं वर्ष आधी घ्यायचं हेही तारखाच ठरवतात. २०२५ च्या वित्त कायद्यानं अपडेटेड रिटर्नची मुदत असेसमेंट इयर संपल्यापासून ४८ महिने केली, पण जादा कर दर बारा महिन्यांनी चढतो: २५, ५०, ६०, मग ७० टक्के. हा जादा कर मूळ कर आणि व्याज यांच्या बेरजेवर लागतो. कर-व्याज मिळून १०,००० निघत असतील तर पहिल्या वर्षी वर २,५००, चौथ्या वर्षी ७,०००. विलंब शुल्क वेगळं. ३१ मार्च ओलांडला की टप्पा बदलतो, म्हणून ज्या वर्षाची मुदत सगळ्यात आधी संपते ते पहिलं. रक्कम आधी भरा, चलनावरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), चलन क्रमांक आणि तारीख रिटर्नमध्ये घाला, आणि ई-व्हेरिफिकेशन (रिटर्न तुमचंच असल्याची ऑनलाइन खातरजमा) ३० दिवसांत उरका. तेवढं राहिलं तर रिटर्न दाखल धरलं जात नाही.