चार तास झोपणारा अंतराळवीर: एका संदेशाचा प्रतिवाद

सोलापुरातल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. अंतराळवीर चारच तास झोपतात, महिनोन्‌महिने अखंड काम करतात, त्यांची बुद्धी शेवटपर्यंत तल्लख राहते आणि पारखून निवडलेले असल्यामुळे त्यांना ताण येत नाही. तेव्हा विद्यार्थ्यांनीही झोपेचे लाड बंद करावेत, असा त्याचा आशय. यातले जवळजवळ काहीच खरे नाही.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या वेळापत्रकात झोपेसाठी साडेआठ तास राखून ठेवलेले असतात. प्रत्यक्षात सरासरी सहा तासांच्या आसपासच झोप मिळते आणि बहुतेक जण कधी ना कधी झोपेची गोळी घेतात, असे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. पण नासा याला पराक्रम नव्हे, धोका मानते. दिवसाला सुमारे सोळा सूर्योदय पाहणाऱ्या शरीराचे घड्याळ बिघडू नये म्हणून तेथे झोपण्यापूर्वी निळा अंश कमी केलेला प्रकाश देणारे दिवे बसवले आहेत. अपुऱ्या झोपेचा परिणाम मोजण्याची चाचणीही साधी आहे: पडद्यावर आकडे धावू लागताच बटण दाबायचे. थकलेल्या माणसाचा हात अधूनमधून अर्ध्या सेकंदाहूनही उशिरा पडतो, आणि आपण किती मंदावलो आहोत याचा त्याला नीट अंदाज येत नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेल कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पहाटे तुटलेली तार नजरेस पडेपर्यंत कापडात दोष विणला गेलेला असतो.

अखंड कामाचा प्रयोग 1973-74 मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावरच्या 84 दिवसांच्या मोहिमेत जवळजवळ झालाच होता. आधीच्या तुकडीने सरावाने गाठलेला वेग नव्या तिघांकडून सुरुवातीपासूनच अपेक्षिला गेला, त्यामुळे चुका वाढल्या आणि कामे तुंबली. डिसेंबरअखेर त्यांनी नियंत्रण केंद्राशी मोकळेपणाने बोलून जेवणाच्या आणि विश्रांतीच्या वेळा सोडवून घेतल्या, किरकोळ कामे सवडीने करण्याची मुभा मिळवली, आणि त्यानंतर काम उलट वाढले. (त्यांनी संप केला, ही कथाही अशीच पसरलेली आहे, संप झालाच नव्हता.)

तल्लख बुद्धीच्या बाबतीत संदेश अर्धाच बरोबर आहे. 1994-95 मध्ये सलग 437 दिवस रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर राहिलेले अंतराळवीर व्हॅलेरी पोल्याकोव्ह यांच्या चाचण्या मधल्या काळात स्थिर राहिल्या. घसरण झाली ती पहिल्या काही आठवड्यांत आणि पृथ्वीवर परतल्यानंतर. अमेरिकी अंतराळवीर स्कॉट केली यांचीही आकलनाची गती आणि अचूकता 340 दिवसांच्या मोहिमेवरून परतल्यावर काही महिने घटलेली होती.

राहिला निवडीचा मुद्दा. मॉस्कोत 2010-11 मध्ये मंगळप्रवासाची तालीम म्हणून सहा जणांना 520 दिवस कोंडून ठेवले होते. तेही पारखून निवडलेलेच होते. तरी वागण्यात बिघाड किंवा मानसिक त्रास यांपैकी काहीच न दिसलेले फक्त दोघे निघाले. म्हणूनच स्थानकावरच्या प्रत्येकाचे मानसतज्ज्ञांशी ठरावीक काळाने खासगी बोलणे होते आणि घरच्यांशीही नियमित संपर्क ठेवला जातो. मंगळाच्या वाटेवर एक वाक्य पोहोचायलाच वीस मिनिटांपर्यंत लागणार असल्याने तेथे असा संवाद शक्य नाही, आणि त्याची जागा कशाने भरायची यावर संशोधक आजही काम करत आहेत.